टिल्लीने खुर्ची सोडली

जन्माला आली तेव्हा ती एवढीशी होती म्हणून घरात तिला टिल्ली म्हणू लागले. पुढे ती ताडमाड वाढली, माळ्यावरचा डबा स्टुलाशिवाय काढू लागली, पण नाव काही तिच्याबरोबर वाढलं नाही. पंचविशी उलटली तरी आई गॅलरीतून "टिल्ले!" अशी हाक मारायची आणि खाली रस्त्यावरचे लोक एखादी चिमुरडी पोर दिसेल म्हणून इकडेतिकडे बघायचे.

टिल्लीची नोकरी दिलगीर असण्याची होती. तिच्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण काम एवढंच. एक कंपनी लोकांना घरपोच फ्रीज आणि वॉशिंग मशीन पाठवायची. ती उशिरा पोचायची, पोचा येऊन पोचायची, नाहीतर शेजाऱ्याच्या दारात जाऊन पडायची. मग लोक फोन करून ओरडायचे आणि टिल्ली कानाला हेडफोन लावून म्हणायची, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत." त्यातलं 'मनापासून' सक्तीचं होतं. ते गाळलं की साहेब मागे येऊन हळूच खाकरायचे.

पंचाईत अशी की तिला ते काम फार छान जमायचं. आवाजच तसा मऊ होता. शिव्या देत सुरुवात केलेला माणूस शेवटी "जाऊ द्या हो ताई, तुम्ही नका मनाला लावून घेऊ" म्हणत फोन ठेवायचा. फ्रीज मात्र होता तिथेच असायचा. टिल्लीला दिवसभरातून एकदाही तो फ्रीज दिसायचा नाही, तो माणूस दिसायचा नाही आणि पुढे त्याचं काय झालं तेही कळायचं नाही. संध्याकाळी घरी येताना आज आपण काय केलं हे आठवायला गेलं तर काही म्हणजे काही हाती लागायचं नाही. पण दिलगिरी अशी अंगात मुरली होती की टेबलाचा कोपरा मांडीत घुसला तर ती टेबलाला सॉरी म्हणायची.

अशात बाबांच्या खुर्चीने राम म्हटला.

बाबांचं सगळं आयुष्य बस चालवण्यात गेलं होतं आणि निवृत्तीनंतरचं बसण्यात चाललं होतं. त्यामुळे बसण्याच्या बाबतीत त्यांची मतं पक्की होती. त्यांची हातांची, उंच पाठीची खुर्ची होती. तिची एक स्प्रिंग बंड करून वर आली आणि बाबांच्या बुडाला भिडली. आई म्हणाली, "टाका ती भंगारात." बाबा म्हणाले, "मग मलाही टाक." दोघांची जुंपणार हे बघून टिल्ली म्हणाली, "सॉरी, मी आणते दुरुस्त करून." तिची काहीच चूक नव्हती, पण सवय.

शनिवारी खुर्ची हातगाडीवर घालून ती बाजारामागच्या गल्लीतल्या दुकानात घेऊन गेली. दुकान लांबट होतं. पुढे अर्धवट उघडे सोफे पोटं फाडून पडलेले, मागे मोठं शिलाई मशीन, आणि सगळीकडे काथ्याचा, जुन्या कापडाचा आणि डिंकाचा मिळून एक वास. दुकान नवराबायकोचं होतं. नवरा सांगाडे, स्प्रिंगा आणि भरण बघायचा. बायको कापायची, शिवायची. नवऱ्याने स्वतःच स्वतःला 'उस्ताद' म्हणवून घ्यायला सुरुवात केली होती आणि हळूहळू गल्लीनेही ते मान्य केलं होतं. बायकोला सगळे काकू म्हणायचे.

उस्ताद पोटाने मोठे आणि बोलण्याने त्याहून मोठे. त्यांनी खुर्ची उलटी केली, कान लावून थोपटली आणि म्हणाले, "हिचं आतून बिनसलंय."

"खुर्ची आहे ती," काकू मशीनवरून म्हणाल्या, "सासुरवाशीण नव्हे."

उस्तादांनी कापड सोलायला घेतलं. छोट्या, चपट्या डोक्याच्या खिळ्यांनी ते लाकडाला ठोकलेलं होतं. त्यांना चुका म्हणतात हे टिल्लीला तेव्हा कळलं. एकेक चूक उपटली जात होती आणि एकेक थर उघडत होता. वरचं कापड, खाली कापूस, मग काथ्या, मग गोणपाट, आणि त्याच्याही खाली सुतळीने एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगा. प्रत्येकीला आठ दिशांनी दोरी. मधल्या खबदाडातून एक कंगवा निघाला, विणायची सुई निघाली, दगड झालेलं अर्धं बिस्किट निघालं आणि आईचं ते कानातलं निघालं ज्यावरून एके काळी घरात अबोला झाला होता.

टिल्ली खुर्ची टाकून परत जाणार होती. ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसली. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं. मध्येच उस्ताद म्हणाले, "हे धर," तेव्हा तिने धरलं. मग ते म्हणाले, "ओढ," तेव्हा ओढलं. सुतळी ताणली गेली, वाकडी स्प्रिंग खाली दबली, सरळ झाली आणि गुमान इतरांच्या ओळीत जाऊन बसली. टिल्लीला इतका आनंद झाला की तिला स्वतःचंच हसू आलं.

पुढच्या शनिवारी खुर्ची तयार होती. ती घेऊन गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी न्यायला काहीच नव्हतं, तरी गेली.

"आता काय मोडलं?" उस्तादांनी विचारलं.

"काही नाही. मला हे शिकायचंय."

"छंद म्हणून?"

"नाही. काम म्हणून. नोकरी सोडून."

उस्तादांनी हातातली हातोडी खाली ठेवली. "मी शिकाऊ ठेवत नाही. मागे एक ठेवला होता, तो माझ्यापेक्षा जास्त बोलायचा."

"मी फार बोलत नाही," टिल्ली म्हणाली. "सॉरी."

"सॉरी कशाबद्दल?"

तेवढ्यात मशीनची घरघर थांबली. काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, म्हणजे आधी तिच्या हातांकडे, मग तिच्याकडे. "एक तारखेपासून ये. केस घट्ट बांधून. अंगठ्या घरी ठेवून. आणि पायात चप्पल नको, बूट घाल."

"अगं, पण दुकान कोणाचं आहे?" उस्ताद म्हणाले.

"तेच," म्हणून काकूंनी मशीन पुन्हा सुरू केलं.

नोकरीत मात्र नेमक्या त्याच आठवड्यात साहेबांनी तिला आत बोलावलं. टिल्लीला बढती द्यायचं ठरलं होतं. आता तिने स्वतः दिलगीर व्हायचं नव्हतं, नवीन दहा जणांना दिलगीर व्हायला शिकवायचं होतं. साहेब खूश होते. टिल्लीने खिशातला राजीनामा काढून टेबलावर ठेवला.

साहेबांचा चेहरा पडला. "कोणती कंपनी?"

"कंपनी नाही सर. दुकान आहे. सोफे, खुर्च्या."

"फर्निचर! वा, तिकडे वाव आहे. कुठल्या पोस्टवर?"

"सुरुवातीला चुका काढायच्या, सर."

"म्हणजे क्वालिटी कंट्रोल," साहेब म्हणाले. त्यांनी उठून तिच्याशी हात मिळवला. टिल्लीने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. दूर केला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं आणि मग पुन्हा तिलाच दिलगीर व्हावं लागलं असतं.

खरी लढाई घरी होती. आई मोठ्या इस्पितळात नर्स होती. तिच्या वॉर्डात पेशंट तिला विचारून कूस बदलायचे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाली, "तुला एवढं शिकवलं ते लोकांच्या बुडाखालचं शिवायला?"

"आई, बूड सगळ्यांनाच असतं."

"उलट बोलतेस?" आई म्हणाली, पण त्यात रागापेक्षा नवल जास्त होतं, कारण टिल्ली कधी उलट बोलायचीच नाही. "आणि पगार?"

"शिकताना थोडा. नंतर वाढेल."

"तुम्ही बोला की काहीतरी!" आईने मोर्चा बाबांकडे वळवला.

बाबा आपल्या दुरुस्त झालेल्या खुर्चीत रेलले होते. त्यांनी डोळे मिटून जरा बूड इकडेतिकडे हलवून पाहिलं. "काम चांगलं आहे," ते म्हणाले. ते खुर्चीबद्दल म्हणाले की मुलीच्या निर्णयाबद्दल, याचा उलगडा त्यांनी केला नाही. एवढी वर्षं बस आणि संसार असाच चालवला होता त्यांनी.

आईने मग आपल्यापुरता मार्ग काढला. इस्पितळात तिने सांगून टाकलं की मुलगी आता इंटिरिअरमध्ये आहे.

इंटिरिअरमध्ये पहिले कित्येक आठवडे टिल्लीने जुन्या चुका उपटल्या. दुसरं काही नाही. ढीगभर खुर्च्या, ढीगभर चुका. बोटांना फोड आले, फुटले, मग तिथली कातडी निबर झाली. काथ्या नाकात जायचा आणि ती रस्त्याने शिंकत घरी यायची. मग गादी भरायला मिळाली. तिने भरलेली पहिली बैठक मध्ये इतकी फुगली की त्यावर ठेवलेली कात्री आपोआप घसरून खाली आली. उस्ताद त्या बैठकीभोवती एक फेरी मारून आले. "यावर बसायचं नसतं," ते म्हणाले, "यावर चढायचं असतं." टिल्लीने ती उसवली, पुन्हा भरली, पुन्हा उसवली. एकदा दुकानामागच्या मोरीत जाऊन ती रडलीसुद्धा. मऊ खुर्चीतली, वेळेवर पगार देणारी नोकरी सोडून आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटलं. पण डोळे पुसून बाहेर आली तर ती बैठक तिथेच होती, फुगलेली, तिच्याकडे बघणारी. फोन ठेवला की माणूस गायब व्हायचा तसं इथे काही गायब होत नव्हतं. तिला त्याचा राग आला आणि बरंही वाटलं. ती पुन्हा उसवायला बसली.

नवराबायको दिवसभर भांडायचे, आणि भांडण फारच पेटलं की टिल्लीच्या मार्फत भांडायचे. "सांग त्यांना, कापड आखूड पडतंय." "सांग तिला, कापड आखूड नाही, तिची नजर आखूड आहे." टिल्ली दोघांच्या मधोमध उभी राहून निरोप पोचवायची, फक्त पोचवताना जरा गाळून. काकूंना ते लगेच कळायचं. "गाळू नकोस," त्या म्हणायच्या. "आहे तसं सांग. आमची मजा जाते."

हळूहळू चुका ठोकायची वेळ आली. उस्तादांची जुनी पद्धत अशी की मूठभर चुका तोंडात धरायच्या, जिभेने एकेक ओठांवर आणायची आणि लोहचुंबक असलेल्या हातोडीने तिथूनच उचलून कापडावर ठोकायची. दोन्ही हात मोकळे राहतात. उस्ताद तोंडात चुका घेऊनही बोलू शकायचे, किंबहुना थांबूच शकायचे नाहीत. टिल्लीनेही ते शिकून घेतलं आणि तिला त्याचा फार अभिमान वाटायला लागला.

एके दिवशी उस्ताद एका न्यायाधीशाच्या खुर्चीची हकीकत सांगत होते. खुर्ची त्यांनी इतकी मऊ करून दिली की कोर्टात डुलक्या सुरू झाल्या. मग वकिलांच्या विनंतीवरून ती परत आणून कडक करावी लागली. "आणि कडक केल्यावर," उस्ताद म्हणाले, "पहिलीच शिक्षा कोणाला झाली असेल? मला! बिल थकवलं माझं!"

टिल्ली खो-खो हसली. हसली आणि एकदम थांबली.

"काय गं?" काकूंनी विचारलं.

टिल्लीने तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या आणि मोजल्या. मग पोटावर हात ठेवला.

"गिळली?" उस्तादांचा चेहरा पांढरा पडला. काकूंनी नवऱ्याकडे अशी काही नजर टाकली की टिल्लीच्या मार्फत काही सांगायची गरज उरली नाही.

जवळचं इस्पितळ म्हणजे आईचंच. एक्स-रे काढला तेव्हा आई शेजारी उभी होती, आणि आईच्या मागे तिच्या सगळ्या मैत्रिणी उभ्या होत्या. फोटोत पोटाच्या मधोमध ती चूक स्वच्छ दिसत होती, डोकं वर, टोक खाली, अगदी ऐटीत.

"सिस्टर," एक्स-रेवाला गंभीरपणे म्हणाला, "मुलगी इंटिरिअरमध्ये आहे म्हणाला होतात ना? ही जरा जास्तच इंटिरिअरमध्ये गेलीय."

अख्खा विभाग हसला. डॉक्टर म्हणाले की बहुतेक वेळा अशी वस्तू आपल्या वाटेने निघून जाते, पण लक्ष ठेवायला हवं; पोट दुखलं तर लगेच यायचं. उस्ताद दाराशी उभे होते, त्यांनी धीर द्यायला म्हणून तोंड उघडलं. "लहान माणसांची चूक मोठ्यांनी पोटात घालायची असते," ते म्हणाले, "आमची पोरगी एवढी गुणी, की तिने माझी घातली." आईने त्यांच्याकडे पाहिलं. ते पाय न वाजवता निघून गेले.

पुढचे दिवस घरात एकच विषय होता. सकाळी टिल्ली न्हाणीघरातून बाहेर आली की दारातच आई विचारायची, "आली?" पलीकडून बाबा विचारायचे, "आली का गं?" शेवटी एका सकाळी टिल्लीने आतूनच "आली!" म्हणून आरोळी ठोकली आणि शेजाऱ्यांनाही हायसं वाटलं, कारण भिंती पातळ होत्या.

"आता पुरे," आई म्हणाली. "उद्यापासून तिकडे जायचं नाही. तुझे जुने साहेब भले आहेत, परत घेतील."

दुसऱ्या दिवशी टिल्लीने बूट घातले आणि ती कामाला गेली.

आईची ड्यूटी दुपारी संपली. ती घरी न जाता तशीच गणवेशात बाजारामागच्या गल्लीत गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत नीट ठरवून ठेवलं होतं: आधी त्या बडबड्याला चार शब्द सुनवायचे, मग पोरीचा हात धरून तिला घेऊन यायचं. पण दाराशी पोचली आणि आतून मोठा आवाज ऐकू आला, म्हणून ती तिथेच थबकली. आवाज टिल्लीचा होता.

"उस्ताद, ही ढिली आहे."

"ढिली? माझी गाठ?"

"तुमचीच. हे बघा, बोट जातंय आतून. सोडा ती."

"या कामात केस पांढरे झाले माझे!"

"केस पांढरे झाले असतील, पण दोरी ढिलीच आहे. माणूस बसला की डावीकडे कलेल. सरका, मी बांधते."

आईने दाराच्या फटीतून पाहिलं. एक मोठा सोफा उघडा पडला होता. टिल्ली त्यावर गुडघा रोवून, बाह्या वर सारून, दात आवळून दोरी ओढत होती. कपाळावर काथ्या चिकटला होता. शेजारी उस्ताद कमरेवर हात ठेवून, अपमान झाल्यासारखं तोंड करून उभे होते, पण दोरीचं दुसरं टोक त्यांनी मुकाट धरलं होतं. मागे काकू मशीनवर डोकं टेकवून हसत होत्या.

आई बराच वेळ तिथेच उभी राहिली. एवढी वर्षं तिने या पोरीचा आवाज भिंतीपलीकडून ऐकला होता. सुट्टीतसुद्धा कोणाचा फोन आला की मऊ, दबका, हात जोडून बोलल्यासारखा आवाज. जेवताना मीठ मागायचं तरी आधी माफी मागायची. आपली मुलगी भांडू शकते हे आईला ठाऊकच नव्हतं. वॉर्डात रात्रपाळीला नवीन आलेली पोर पहिल्यांदा डॉक्टरला "थांबा, हा डोस चुकीचा आहे" म्हणते, तेव्हा जुन्या नर्सा एकमेकींकडे बघून मान हलवतात. तशी आईची मान आपोआप हलली. मग तिला आठवलं की आपण भांडायला आलो आहोत, आणि ती आत शिरली.

"आई!" टिल्लीच्या हातातली दोरी सुटली नाही. "एक मिनिट थांब. ही गाठ बसू दे."

आई थांबली. वॉर्डात कोणाची टाप नव्हती तिला थांब म्हणायची.

गाठ बसली. उस्तादांनी बोट घालून बघितलं, गेलं नाही. ते दुसऱ्या ओळीकडे वळले. काकूंनी स्टूल पुढे केलं. पण इतक्या तयारीने आलेली बाई रिकाम्या हाताने कशी परतेल? आईने दुकानभर नजर फिरवली. गंजक्या चुकांचा डबा, हातभर लांब दाभणं, उस्तादांच्या अंगठ्याला गुंडाळलेली मळकी चिंधी.

"धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत?" तिने विचारलं.

उस्ताद आणि काकू एकमेकांकडे बघू लागले. कित्येक महिन्यांत प्रथमच दोघं एका बाजूला होते.

"वाटलंच," आई म्हणाली. "उद्या सकाळी तिघं माझ्याकडे. आणि आजपासून तोंडात चुका धरायच्या नाहीत. मनगटाला बांधायचं लोहचुंबक मिळतं. नसेल मिळत तर बनवा, एवढे उस्ताद म्हणवता ना?"

दुसऱ्या दिवशी इस्पितळात काकूंनी बाही वर केली, इंजेक्शन घेतलं आणि त्या बाजूला झाल्या. टिल्लीनेही घेतलं. आयुष्यभर हातभर दाभण चालवलेले उस्ताद मात्र सुई बघताच भिंतीला टेकले, मग घसरत घसरत खाली बसले. त्यांना उठवायला एक्स-रेवाल्याला बोलवावं लागलं. आई पुढे हा प्रसंग वॉर्डात रंगवून सांगायला लागली, आणि सांगायचा म्हणजे मुलगी नक्की काय काम करते तेही सांगावंच लागे. "सोफे बांधते," ती म्हणायची. "स्प्रिंगा वगैरे. सोपं नसतं ते."

वर्ष सरत आलं तेव्हा एका सलूनवाल्याची खुर्ची दुकानात आली. लोखंडी, गोल फिरणारी, डोकं टेकायला उशी असलेली. बैठक इतकी खचली होती की गिऱ्हाईक बसलं की आरशात फक्त त्याचं कपाळ दिसायचं. उस्तादांनी ती हातात घेतली, तर काकू म्हणाल्या, "सांग त्यांना, ही तुझी." उस्ताद म्हणाले, "सांग तिला, मी तेच म्हणणार होतो." टिल्लीने कोणालाच काही सांगितलं नाही. तिने खुर्ची उलटी केली आणि पहिली चूक उपटली.

पट्ट्या तिने ताणल्या, स्प्रिंगा तिने बांधल्या, भरण तिने घातलं. कडेचा टाका काकूंच्या मशीनवर, पण स्वतःच्या हाताने. मग हातगाडी घेऊन ती एकटीच सलूनमध्ये पोचवायला गेली.

सलूनवाला वाळक्या अंगाचा, मिशीला कंगवा फिरवणारा माणूस होता. बाकावर दोन गिऱ्हाइकं वाट बघत होती. खुर्ची जागेवर बसवून झाली तेव्हा त्याने बैठकीवर तळवा दाबला, बाजूने बघितलं, मागून बघितलं.

"बसून बघा ना," टिल्ली म्हणाली.

"मी?" त्याला हसू आलं. "ताई, दुकान काढल्यापासून मी उभाच आहे. या खुर्चीत मी कधी बसलोच नाही."

"मग बसा."

तो बसला. आधी अगदी कडेला, परक्याच्या घरी बसल्यासारखा. मग मागे रेलला. उशीवर डोकं टेकवलं. समोरच्या आरशात त्याला, गिऱ्हाइकांना त्यांचा दिसतो तसा, स्वतःचा चेहरा दिसला, आणि त्याचे डोळे हळूहळू मिटले.

"अहो, माझा नंबर आहे," बाकावरचा एक जण म्हणाला.

"थांबा हो," सलूनवाला डोळे न उघडता म्हणाला. "ताई, जरा फिरवा बघू."

टिल्लीने खुर्चीच्या पाठीला हात घातला आणि फिरवली. खुर्ची न कुरकुरता फिरली. आरसा, बाक, दार, रस्ता, पुन्हा आरसा. सलूनवाल्याने पाय उचलून घेतले.

"अजून एकदा," तो म्हणाला, आणि या खेपेला टिल्लीने जरा जोरात फिरवली.